ऐच्छिक? कुणाची इच्छा?

ऑपरेशनला 'ऐच्छिक' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. 'इलेक्टिव्ह सर्जरी'चं हे शब्दशः भाषांतर. शाळेत आम्ही ऐच्छिक विषय म्हणायचो तेव्हा अर्थ सरळ होता, घ्यायचा तर घ्या, नाहीतर सोडा. वैद्यकात तसं नाही. ज्या ऑपरेशनची तारीख आधी ठरवता येते ते इलेक्टिव्ह, एवढंच! त्यात मोतीबिंदू आला, हर्निया आला, आणि कॅन्सरची कितीतरी ऑपरेशनंसुद्धा आली.

२०२० साली करोना आला आणि पहिली कात्री याच यादीवर चालली. खाटा, व्हेंटिलेटर, भूलतज्ज्ञ करोनाच्या रुग्णांसाठी हवे होते, हे मान्य. करोना झालेल्या माणसाचं ऑपरेशन जास्त धोक्याचं, हेही खरं. पण थांबवलं किती? 'कोविडसर्ज' या संशोधक डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२० मध्येच अंदाज केला होता, की साथीच्या ऐन भरातल्या १२ आठवड्यांत जगभर सुमारे २ कोटी ८४ लाख ऑपरेशनं रद्द होतील किंवा पुढे जातील. २०२१ मध्ये त्याच गटाने दाखवलं, की कडक लॉकडाऊनच्या काळात कॅन्सरच्या साधारण दर सात रुग्णांमागे एकाचं ठरलेलं ऑपरेशन झालंच नाही. सांगा बघू, यात इच्छा कुणाची?

त्याच सुमारास फोनवरच्या डॉक्टरांचे दिवस आले. २५ मार्च २०२० ला, म्हणजे देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी, टेलिमेडिसिनचे नियम निघाले. एप्रिलमध्ये 'ई-संजीवनी'वर घरबसल्या डॉक्टर भेटू लागले. चांगली सोय आहे, मी नावं ठेवत नाही. नुसता रिपोर्ट दाखवायला किंवा टाके कसे आहेत ते विचारायला म्हाताऱ्या माणसाने एसटीने तालुक्याला का जावं?

पण आता कौतुक फार होतंय. गावात सर्जन नाही, भूलतज्ज्ञाची जागा रिकामी, तर म्हणे टेलिमेडिसिन आहे ना! अहो, पडद्यावरून पोट दाबून बघता येत नाही. हर्नियात आतडं अडकलं तर ते सोडवायला हातच लागतात. प्रत्यक्ष तपासणीची गरज वाटली तर डॉक्टरांनी रुग्णाला बोलावून घ्यावं, हे त्या नियमांतच लिहिलेलं आहे. बोलावून घ्यायचं, पण कुठे? तिथे डॉक्टर नको?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ऑपरेशन पुढे ढकलायचं असेल तर त्याच कागदावर पुढची तारीख लिहा. फोनवर तपासलेल्या माणसाला ऑपरेशन लागणार असेल, तर फोन ठेवण्याआधी त्याचं नाव जवळच्या रुग्णालयाच्या यादीत लागलं पाहिजे. आणि त्या रुग्णालयात सर्जन नेमा. तेवढं होत नसेल तर त्या फोनला उपचार म्हणू नका, चौकशी म्हणा. आणि तो 'ऐच्छिक' शब्द तेवढा काढून टाका. 'नियोजित' हा चांगला मराठी शब्द आहे की!