शस्त्रप्रदर्शनाने शस्त्राधिकार बळावतो का?

14 जानेवारी 1761 रोजी मराठे आणि अब्दाली यांच्या फौजा पानिपतावर भिडल्या. तेथील काला अंब येथे दरवर्षी त्याच दिवशी लोक हुतात्म्यांना अभिवादन करण्यास जमतात. ते दृश्य पाहताना मला राज्यघटनेचा अनुच्छेद 19 आठवतो. एकत्र जमण्याचा हक्क तो देतो. मात्र शांततेने आणि विनाशस्त्र.

ही अट सहज आलेली नाही. ब्रिटिशांच्या 1878च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले होते. म्हणूनच काँग्रेसच्या 1931च्या कराची ठरावात नियमाधीन शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला. पुढे डिसेंबर 1948मध्ये ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. घटना समितीने ती फेटाळली. परिणामी आपल्याकडे बंदूक बाळगणे हा घटनादत्त मूलभूत हक्क नाही. 1959च्या कायद्यानुसार त्यासाठी परवाना लागतो.

परवाना धोरण उदार व्हावे, अशी मागणी करण्यात गैर काही नाही. दुर्गम भागातील एकाकी कुटुंबाला पोलीस वेळेवर पोहोचतील याची खात्री नसते. परंतु ही मागणी बंदुका मिरवून पुढे सरकते काय?

अमेरिकेत तर शस्त्र बाळगणे हा घटनात्मक हक्क आहे. तरीही 2 मे 1967 रोजी ब्लॅक पँथर्सचे कार्यकर्ते बंदुकांसह कॅलिफोर्नियाच्या विधान भवनात शिरले, तेव्हा विचाराधीन असलेले निर्बंधांचे विधेयक अधिक वेगाने संमत झाले आणि गव्हर्नर रेगन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. जानेवारी 2020मध्ये व्हर्जिनियाच्या राजधानीत सुमारे 22 हजार लोक जमले, अनेकांच्या हाती बंदुका होत्या. मेळावा शांततेत पार पडला. पण निर्बंधांचे कायदे थांबले नाहीत.

आपल्याकडील अनुभव वेगळा नाही. 2019च्या दुरुस्तीने इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या हर्षोल्हासातील गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आणि बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. नोव्हेंबर 2022मध्ये पंजाब सरकारने शस्त्रांच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली. त्याच आदेशात सर्व परवान्यांच्या फेरतपासणीचेही फर्मान निघाले. मिरवणारे थोडे होते. तपासणी मात्र घरात बंदूक कुलपात ठेवणाऱ्या शेतकऱ्याचीही झाली.

कारण उघड आहे. परवानाधारक जबाबदार असतो, हा या मागणीचा मुख्य आधार. रस्त्यावरची बंदूक पाहणाऱ्याला ती जबाबदारी दिसत नाही, धाक दिसतो. आणि धास्तावलेला नागरिक सरकारकडे निर्बंधच मागतो. परवान्याचे निकष स्पष्ट करा, नकाराची कारणे वेळेत द्या, हा आग्रह अर्ज, न्यायालय आणि विधिमंडळ यांच्यामार्फतच धरावा लागेल, आणि तोही रिकाम्या हातांनी.