तारुण्याचे हप्ते

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतून एक विलक्षण वार्ता आली. चांगल्या धडधाकट माणसांचे केस अवघ्या तीन-चार दिवसांत झडून डोकी उघडी पडू लागली होती. बाधितांची संख्या पुढे अठरा गावांत मिळून पावणेतीनशेच्या वर गेली. प्रथम पाण्यातील नायट्रेट व क्षारांवर संशय घेण्यात आला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक गावांत फिरले आणि पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शिधावाटपाच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखविले. या कारणमीमांसेचा ऊहापोह तज्ज्ञांनी करावा. तथापि त्या दिवसांत मुलामुलींच्या शिक्षणात खंड पडल्याच्या आणि जुळत आलेल्या सोयरिकी अडल्याच्या ज्या बातम्या आल्या, त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. रूपाची चिंता ही मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांची चैन आहे, हा समज खरा नाही. माणसाला समाजात वावरायचे असते ते चेहरा घेऊनच.

म्हणूनच वाढत्या वयाच्या खुणा पुसण्यासाठी चेहऱ्यात टोचून घेतल्या जाणाऱ्या ‘फिलर’चा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. चित्रपटतारकांपुरता वाटणारा हा उपचार आज महानगरांबाहेर पडला असून मोबाईलवरील जाहिराती तो तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचवीत आहेत. पन्नाशीकडे झुकलेली शिक्षिका किंवा निवृत्ती जवळ आलेला लिपिक यांनाही तो खुणावू लागला आहे. या खर्चाचे चीज होते काय, हा प्रश्न नीतीचा नाही. तो प्रथम शरीरशास्त्राचा, मग हिशेबाचा आणि अखेर समाजाचा आहे.

वयाबरोबर चेहरा उतरतो तो केवळ कातडी सैल पडल्यामुळे नव्हे. त्वचेखालील चरबीचे थर विरळ होतात व खाली सरकतात, जबड्याचे आणि डोळ्यांच्या खोबणीचे हाड झिजते, कोलॅजन हे त्वचेला ताठ ठेवणारे प्रथिन घटते. परिणामी गाल बसतात आणि नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत घळी पडतात. या पोकळ्या आतून भरून काढणे, एवढेच फिलरचे कार्य आहे. आज त्यासाठी मुख्यतः हायल्युरॉनिक आम्ल वापरतात. कार्ल मेयर व जॉन पामर या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये ते गाईच्या डोळ्यातील पारदर्शक द्रवातून वेगळे केले. हा पदार्थ माणसाच्या शरीरातही असतो आणि पाणी धरून ठेवण्याची त्याची शक्ती मोठी आहे.

येथवर पोहोचण्याचा मार्ग सरळ नव्हता. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी पॅराफिन टोचण्याचा प्रयोग केला. पुढे त्याचे लोण पसरले आणि मेण सरकून, गाठी होऊन अनेकांचे चेहरे कायमचे विद्रूप झाले. १९८१ मध्ये अमेरिकेत गाईच्या कोलॅजनला मान्यता मिळाली. परंतु ते काही महिन्यांत विरघळे आणि काहींना त्याची ॲलर्जी होई. हायल्युरॉनिक आम्लाच्या फिलरला तेथे २००३ मध्ये परवानगी मिळाली. त्याचा मोठा गुण असा, की हायल्युरोनिडेज हे विकर टोचून ते पुन्हा विरघळविता येते. पूर्वीच्या पदार्थांच्या तुलनेत ही प्रगती निर्विवाद आहे आणि ती नाकारणे दुराग्रहाचे ठरेल.

परंतु फिलर जे करतो त्याहून जे करीत नाही, ते अधिक लक्षात ठेवले पाहिजे. तो वय थांबवीत नाही; त्वचेचा पोत, उन्हाने पडलेले डाग आणि मानेची सैल कातडी यांना त्याचा फारसा उपयोग नाही. परिणाम साधारणतः सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. म्हणजे ही खरेदी एकदाची नव्हे. हा तारुण्याचा हप्ता आहे, आणि ज्या कर्जाचे मुद्दल कधी फिटतच नाही असा हप्ता आहे. गंमत अशी, की काहींच्या चेहऱ्यात हा पदार्थ दोन वर्षांनंतरही शिल्लक असल्याचे एमआरआय तपासण्यांत दिसून आले आहे. जुने भरण पुरते गेले आहे की नाही हे न पाहता वर्षागणिक नवे घातले, तर चेहरा तरुण होण्याऐवजी सुजल्यासारखा दिसतो. अनेक नामवंतांचे चेहरे याची साक्ष देतात.

आता हिशेब. मोठ्या शहरांत एक मिलिलिटरच्या एका सिरिंजेला साधारणपणे पंधरा हजारांपासून तीस-चाळीस हजार रुपयांपर्यंत मोजावे लागतात, आणि मध्यमवयीन चेहऱ्याला एक सिरिंज क्वचितच पुरते. पंचवीस हजारांची सिरिंज व वर्षाला दोन सिरिंजा, असे मध्यम प्रमाण धरले तरी वर्षाचा खर्च ५०,००० रुपये, म्हणजे दरमहा चार हजारांहून अधिक होतो. पंधरा वर्षांत ही रक्कम साडेसात लाखांवर जाते. तेच पन्नास हजार दरवर्षी भविष्य निर्वाह निधीच्या सार्वजनिक खात्यात टाकले आणि एप्रिल २०२० मध्ये ठरलेला ७.१ टक्के व्याजदर पंधरा वर्षे टिकला असे धरले, तर मुदतीअखेर सुमारे साडेतेरा लाख रुपये हाती येतात. ज्या नोकरदाराला निवृत्तिवेतनाची पूर्वीसारखी शाश्वती उरलेली नाही, त्याच्या दृष्टीने हा फरक म्हातारपणातील औषधपाण्याचा आहे.

शिवाय हा भार पूर्णतः ज्याचा त्यालाच वाहावा लागतो. आरोग्यविम्याच्या प्रमाणित अपवादांत सौंदर्योपचार मोडतात. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा आरोग्यसेवेला करमाफी मिळाली. पण केशरोपण, सौंदर्य व प्लास्टिक शस्त्रक्रिया तीतून वगळण्यात आल्या. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेले शरीर पूर्ववत् करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला मात्र ही माफी कायम राहिली. करखात्याच्या रुक्ष भाषेत येथे एक शहाणपणाची रेषा आखली गेली आहे. व्याधीने हिरावलेले परत देणे वेगळे आणि काळाने नेलेले परत मागणे वेगळे. एचआयव्हीच्या रुग्णांचे गाल खोल जाऊन रोगाची जणू जाहीर दवंडी पिटली जाते. त्यांच्यासाठी अमेरिकेत २००४ मध्ये एका वेगळ्या प्रकारच्या फिलरला मान्यता देण्यात आली. अशा रुग्णाला, किंवा अपघाताच्या व्रणाने खचलेल्याला, हा उपचार समाजात परत आणतो. तेथे खर्चाचे चीज झाले असेच म्हटले पाहिजे.

धोक्याचा विचार याहून गंभीर आहे. सूज, काळेनिळे डाग हे थोड्या दिवसांचे. परंतु फिलर चुकून रक्तवाहिनीत शिरला तर त्या भागाची त्वचा मरू शकते आणि क्वचित दृष्टीही जाऊ शकते. असे प्रसंग विरळ आहेत. पण दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटल्यास हाताशी असलेला अवधी तासा-दीड तासाचाच असतो. बुलढाण्याहून अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठण्यातच याहून अधिक वेळ जातो. तेव्हा हे काम चेहऱ्यातील रक्तवाहिन्यांची रचना जाणणाऱ्या, या उपचाराचे रीतसर शिक्षण घेतलेल्या आणि उतारा जवळ बाळगणाऱ्या डॉक्टरचेच होय. ब्युटी पार्लरचे ते नव्हे. सुईविना दाबाने फिलर सोडणारी उपकरणे वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्येच दिला आहे. आपल्याकडेही १९४५ च्या औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टानुसार अकाली वार्धक्य बरे करण्याचा किंवा पुनर्यौवन देण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. हे नियम करणाऱ्यांना माणसाचा हळवेपणा ठाऊक होता. आजच्या जाहिराती ‘उपचार’ हा शब्द सोडून ‘ताजेपणा’, ‘तेज’ असे मोघम शब्द योजतात आणि त्याच हळवेपणावर आपला धंदा चालवितात.

यावर असे म्हटले जाईल, की स्वतःच्या कमाईतून कोणी चेहरा भरून घेतला तर इतरांनी त्यात का पडावे? हा आक्षेप रास्त आहे. दागिने, लग्नातील मानपान यांवर याहून कितीतरी अधिक पैसा उधळला जातो आणि त्यावर कोणी नाक मुरडीत नाही. पांढऱ्या केसांचा पुरुष अनुभवी ठरतो आणि त्याच वयाची स्त्री थकलेली ठरते, ही विषमता जोवर आहे तोवर स्त्रियांनाच उपदेश करणे अन्यायाचे आहे. पण नेमकी हीच गोष्ट फिलरच्या विरोधात जाते. वय लपविणाऱ्यांची संख्या वाढली की न लपविणाऱ्यांचे वय अधिक उठून दिसते. जे प्रथम ऐच्छिक असते ते पुढे अपेक्षित होते, आणि मग ज्यांना परवडत नाही त्यांच्या चेहऱ्यावर वयाबरोबर दारिद्र्यही वाचले जाऊ लागते. सोयाबीन आणि कपाशीच्या रानात जन्मभर ऊन खाल्लेल्या मेहकर-चिखलीच्या शेतमजूर स्त्रीचा चेहरा चाळिशीतच साठीचा दिसतो. तिच्याकडे कोणताही फिलरविक्रेता वळणार नाही.

त्वचेच्या अकाली वार्धक्याची जी कारणे टाळता येण्याजोगी आहेत, त्यांत सूर्यकिरण आणि तंबाखू ही प्रमुख होत. रुमाल, टोपी, परवडत असल्यास ऊनरोधक मलम आणि तंबाखूचा त्याग यांना फिलरच्या तुलनेत खर्च नगण्य आहे आणि फळ अधिक टिकाऊ आहे. नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत २०२४ मध्ये बुलढाण्याचाही समावेश झाला. त्याच्या त्वचारोग विभागाने हे ज्ञान शाळाशाळांतून पोहोचविले, आणि शेगावसारख्या प्रसंगी गावकऱ्यांना पहिल्याच दिवशी जाणकार डॉक्टर मिळाला, तर जिल्ह्याच्या चेहऱ्यावर जे तेज येईल ते कोणत्याही सिरिंजेतून येणारे नाही.

तात्पर्य, ज्याच्या चेहऱ्यावर रोगाने वा अपघाताने घाला घातला आहे त्याने योग्य डॉक्टरकडे अवश्य जावे. ज्याची बचत सुरक्षित आहे आणि ज्याला धोके ठाऊक आहेत त्याने आपल्या हौसेसाठी एखादा प्रयोग केला, तर तो त्याचा प्रश्न. पण पगारावर घर चालविणाऱ्याने वार्धक्याच्या भीतीपोटी हा हप्ता सुरू करणे शहाणपणाचे नाही. कारण वार्धक्य टळत नाही, आणि त्यासाठी राखलेला पैसा मात्र संपतो.