विश्वकोशाची तटस्थता

आयुर्वेदीय औषधांच्या उत्पादकांच्या एका संघटनेने विकिपीडियाविरुद्ध केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये फेटाळली. त्या विश्वकोशातील आयुर्वेदावरील नोंद बदनामीकारक आहे, अशी संघटनेची तक्रार होती. नोंदीत दुरुस्ती तुम्हालाही करता येते, असे न्यायालयाने सुचविले. खटला मिटला, प्रश्न मात्र मिटला नाही. ज्या उपचारांची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही, त्यांची तटस्थ नोंद लिहावयाची कशी?

पुरस्कर्त्यांच्या मते दहा ओळी बाजूच्या आणि दहा ओळी विरुद्ध लिहिल्या की तटस्थता साधली. भाऊबंदांत शेत वाटताना हा न्याय ठीक आहे. विश्वकोशात मात्र प्रत्येक मताला त्याच्यामागील पुराव्याच्या वजनाइतकीच जागा मिळावयास हवी.

होमिओपॅथीचेच पाहावे. हानेमान यांनी आपले तत्त्व १७९६ साली मांडले व १८१० साली ‘ऑर्गेनॉन’ या ग्रंथात त्याचा विस्तार केला. हा इतिहास नोंदीत सविस्तर यावा. त्याचबरोबर ‘३० सी’ म्हणजे काय, हेही यावे. मूळ द्रव्य दर वेळी शंभर पटींनी विरल करावयाचे, आणि असे तीस वेळा करावयाचे. हे विरलन एकावर साठ शून्ये इतक्या पटींचे होते. पदार्थाच्या एका मोलमध्ये रेणू असतात ते सुमारे सहावर तेवीस शून्ये इतकेच. म्हणजे साधारण बाराव्या पायरीनंतर मूळ द्रव्याचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता नगण्य होते. हानेमान यांना याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. ते १८४३ साली वारले, आणि रेणूंच्या संख्येचा पहिला अंदाज लोश्मिट यांनी १८६५ साली केला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यासांची छाननी करून, ही पद्धती परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा कोणत्याही विकाराबाबत मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. भारतात या पद्धतीला १९७३ च्या कायद्याने मान्यता मिळाली, हेही नोंदवावे. पण कायद्याची मान्यता हा गुणकारितेचा दाखला नव्हे.

एवढे लिहिल्यावर ‘थोतांड’ हा शब्द वापरण्याची गरज राहत नाही. ज्याला त्या गोळ्यांनी बरे वाटले आहे, तो वाचक असा शब्द दिसताच पुस्तक मिटतो. पुष्कळ विकार आपोआप ओसरतात, आणि चिकित्सकाने निवांतपणे ऐकून घेतले तरी रोग्याला हलके वाटते, हे त्याला समजावून सांगणे अधिक उपयोगाचे.

मराठीत खरी फसगत क्रियापदात होते. वनस्पतींवरील लेखनात ‘अमुक मूळ तमुक रोगावर गुणकारी आहे’ असे वाक्य सर्रास आढळते. हे कोण म्हणतो, कशावरून म्हणतो, याचा त्यात मागमूस नसतो. ‘गुणकारी मानतात’ एवढ्याशा बदलाने श्रद्धा ही श्रद्धा म्हणून नोंदली जाते. सर्पगंधेसाठी ही सावधगिरी लागत नाही. मुंबईचे डॉ. रुस्तुम वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अभ्यास १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, पुढे १९५२ साली तिच्यातून रेसर्पीन वेगळे काढण्यात आले. या मुळीला वैद्यकात स्थान मिळाले ते परीक्षेने, प्राचीनत्वाने नव्हे. आणि तिच्या यशावर सबंध निघंटूची हमी काढता येत नाही.

हा काही पंडितांचा शब्दच्छल नाही. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीरात अन्यत्र न पसरलेल्या कर्करोगावर प्रस्थापित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रोग्यांची तुलना इतरांशी केली होती. त्यांच्यातील मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटींहून अधिक. घरात असा रोगी असलेला माणूस रात्री नोंद उघडतो, तेव्हा त्याला निर्णय सकाळपर्यंत घ्यावयाचा असतो. हे आकडे शेवटच्या परिच्छेदात, ‘टीका’ या मथळ्याखाली ठेवले, तर तेथवर तो पोचेलच असे नाही. ते पहिल्या परिच्छेदातच हवेत.