तहान लागण्यापूर्वींची विहीर

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, ही म्हण आपल्यांतील लहान मुलालाहि ठाऊक आहे. परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही शिक्षक ती हमखास ऐकवितों. परंतु मोठीं माणसें, गांवें आणि शहरें या म्हणीप्रमाणें वागतात कीं काय, असा प्रश्न विचारला तर उत्तर फारसें समाधानकारक येत नाहीं. पूर येतो, डोंगर खचतो, धरणी कांपते. चार दिवस वर्तमानपत्रांचे रकाने भरतात, मदतीसाठीं कपडे व धान्य गोळा होतें, आणि मग सर्व कांहीं विसरून आपण पुन्हां आपापल्या उद्योगास लागतों. अशा प्रसंगीं ‘नैसर्गिक आपत्ति’ हा शब्द आपणांस मोठा सोयीचा वाटतो. निसर्गानें केलें असें म्हटलें, म्हणजे माणसानें काय केलें हें पाहण्याचें कारण उरत नाहीं. मला येथें असें सांगावयाचें आहे कीं, वारा, पाऊस आणि भूकंप हे निसर्गाचे असले, तरी त्यांतून होणाऱ्या अनर्थाचा मोठा भाग आपल्या गैरसावधपणाचा असतो, आणि म्हणूनच तो टाळतां येण्यासारखा असतो.

हें नुसतें उपदेशाचें बोलणें नव्हे. त्यास आपल्याच देशांत पुरावा आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजीं ओडिशाच्या (त्या वेळच्या ओरिसाच्या) किनाऱ्यावर एक महाभयंकर चक्रीवादळ आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें २६० किलोमीटर होता. समुद्र जमिनींत दूरवर घुसला आणि सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. वादळ येत असल्याची सूचना मिळालेली होती. परंतु सूचना मिळाल्यावर जावयाचें कोठें, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांस कोणीं उचलून न्यावयाचें, हें बहुतेक गांवांत ठरलेलें नव्हतें. पुढें त्या राज्यानें आपत्तिनिवारणाची स्वतंत्र व्यवस्था उभारली, किनाऱ्यानें पक्के आसरे बांधले आणि गांवोगांवच्या तरुणांस शिकवून तयार केलें. चौदा वर्षांनीं, १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं, त्याच किनाऱ्यावर गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ नांवाचें वादळ आलें. पहिल्यापेक्षां त्याचा जोर कांहींसा कमी असला, तरी वारा ताशीं २०० किलोमीटरांच्या घरांत होता. या खेपेस सुमारें दहा लक्ष लोक वादळापूर्वींच सुरक्षित जागीं नेण्यांत आले होते. मृतांची संख्या पन्नासांच्या आंत राहिली. समुद्र तोच होता, किनाराहि तोच होता. माणसें मात्र या वेळीं तयार होतीं.

१९९९ च्या त्या वादळानें आणखी एक धडा दिला. केंद्रापाडा जिल्ह्यांतील गांवांचा पुढें अभ्यासकांनीं हिशेब मांडला, तेव्हां असें आढळलें कीं, ज्या गांवांच्या आणि समुद्राच्या मध्यें तिवरांचें रुंद बन शिल्लक होतें, तेथें माणसें कमी दगावलीं. चिखलांत उगवणारें, कोणाच्या खिजगणतींतहि नसलेलें हें झाड लाटेचा जोर स्वतःच्या अंगावर घेतें. म्हणजे वन राखणें आणि संकटाची तयारी करणें हीं दोन निराळीं कामें नव्हेत. आपण झाड तोडतों, ओढा बुजवितों, तेव्हां एखादी भिंत पाडावी तसें आपलेंच संरक्षण पाडीत असतों.

याचा अनुभव मुंबईनें घेतलेला आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; त्याच काळांत कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर पडला. इतका पाऊस कोणत्याहि शहराची दाणादाण उडवील, हें खरें. परंतु मिठी नदीचें पात्र भराव घालून आकसविलें नसतें, तिच्या काठचीं तिवरें नाहींशीं केलीं नसतीं, आणि गटारांच्या तोंडीं प्लास्टिकच्या पिशव्यांचे बोळे बसले नसते, तर त्या पाण्याला पुष्कळशी वाट मिळाली असती. त्या पावसांत महाराष्ट्रांत एक हजाराहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. रस्त्यांत पिशवी टाकणाऱ्या माणसाच्या मनांत कोणाचा जीव घ्यावयाचा नव्हता. पण तशा लाखों हातांनीं टाकलेल्या पिशव्यांनींच नाले तुंबले.

आतां सह्याद्रीकडे वळूं. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें गांव दरडीखालीं गाडलें गेलें आणि सुमारें दीडशें माणसें गेलीं. ही वार्ता बाहेर पोंचविली ती एस. टी. च्या एका चालकानें; नेहमींच्या वाटेनें तो आला, तों गांव असावें तेथें त्यास चिखलाचा ढीग दिसला. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें तसेंच घडलें. ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडी झोपेंतच गाडली गेली. आणि माळीणच्या घटनेस बरोबर दहा वर्षें झालीं त्या दिवशीं, ३० जुलै २०२४ रोजीं, याच पर्वतरांगेच्या दक्षिण भागांत, केरळच्या वायनाड जिल्ह्यांत, दरडींनीं दोनशेंहून अधिक लोकांचा बळी घेतला.

मुसळधार पाऊस उताराच्या मातींत मुरला म्हणजे ती जड होते आणि खालच्या खडकावरून घसरूं पाहते. झाडांचीं मुळें तिला धरून ठेवितात. रस्त्यासाठीं वा घरासाठीं उताराचा पाया कापला, पाण्याची जुनी वाट अडविली, कीं हा आधार सुटतो. सर्वच दरडी माणसाच्या करणीनें कोसळतात असें नाहीं. उभ्या कड्यांच्या पायथ्याशीं हा धोका मूळचाच असतो. परंतु जेथें धोका मूळचा आहे, तेथें कुदळ चालवितांना दुप्पट विचार करावयास हवा. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०११ सालींच पश्चिम घाटाचे नाजूक भाग कोणते, हें आंखून दाखविलें होतें. तो अहवाल वाचण्यापेक्षां त्यावर वाद घालण्यांतच आपला अधिक काळ गेला.

इरशाळवाडीची एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. दरडी कोसळण्याचा संभव असलेल्या गांवांची जी सरकारी यादी होती, तींत या वाडीचें नांवच नव्हतें. मराठवाड्यांतील किल्लारीची हकीकतहि अशीच आहे. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशांत तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. १९९२ सालीं तेथें लहान लहान धक्के बसले. हळूहळू लोकांच्या ते अंगवळणीं पडले. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास, गणपति बोळवून दमलेलीं माणसें गाढ झोपेंत असतांना, मोठा धक्का बसला आणि लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें गेलीं. जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें तो धक्का मध्यमच होता. माणसें मेलीं तीं बहुतांशीं मातींत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदाचें ओझें अंगावर पडून. दारांखिडक्यांच्या वरून चारहि भिंतींना एकत्र बांधणारा काँक्रीटचा पट्टा असता, तर पुष्कळ घरें तग धरतीं. यादी आणि नकाशा हीं उपयुक्त साधनें आहेत. परंतु यादींत नांव नाहीं म्हणून संकट आपल्या दारावरून पुढें जाईल, असें समजणें घातक आहे.

हेंच तत्त्व एका परक्या देशांतील शाळांनीं आचरून दाखविलें आहे. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर कामाइशी नांवाचें शहर आहे. तेथील मुलांस कातादा नांवाच्या प्राध्यापकांनीं कित्येक वर्षें तीन गोष्टी शिकविल्या: नकाशावर विसंबूं नका, त्या क्षणीं जें उत्तम करतां येईल तें करा, आणि इतरांची वाट न पाहतां स्वतः आधीं निघा. ११ मार्च २०११ रोजीं मोठा भूकंप झाला, तेव्हां उनोसुमाई येथील माध्यमिक शाळेचीं मुलें उंच जागेकडे धांवत निघालीं. तीं पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेचीं मुलेंहि निघालीं. मोठ्यांनीं लहानांचे हात धरले. आधीं ठरलेल्या जागीं पोंचल्यावर तेथील कडा ढांसळतांना दिसला, तेव्हां तेथें न थांबतां तीं आणखी वर गेलीं. त्यांच्या शाळा लाटेखालीं गेल्या, आणि नकाशांत त्या लाटेच्या टापूबाहेर दाखविलेल्या होत्या! त्या दिवशीं कामाइशींत एक हजारांवर नागरिक मृत वा बेपत्ता झाले. पण शहरांतील सुमारें तीन हजार शाळकरी मुलांपैकीं जवळजवळ सर्व वांचलीं.

येथें कांहीं पालक विचारतील, “शालान्त परीक्षा तोंडावर असतांना मुलांचे तास असल्या कवायतींत कां दवडावयाचे?” ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचें उत्तरहि सरळ दिलें पाहिजे. दरडी कोसळण्याचीं कारणें उत्तरपत्रिकेंत बिनचूक लिहून पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी घरामागच्या उताराला पडलेली भेग पाहून गप्प बसत असेल, तर त्याला भूगोल आला असें म्हणतां येईल काय? वर्षांतून दोन तास या कामीं गेल्यानें कोणाचा निकाल बिघडत नाहीं. परंतु हे दोन तास खरे असावेत. पाहुणे आले असतां, आधीं तारीख ठरवून, टाळ्यांच्या गजरांत केलेली रंगीत तालीम म्हणजे नाटक होय. माझें मत असें आहे कीं, प्रत्येक सत्रांत एकदां, पूर्वसूचना न देतां घंटा व्हावी, आणि वरच्या वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्यावर खालच्या वर्गांतील एका मुलाची जबाबदारी सोंपवावी. ज्यानें दुसऱ्याचा हात धरला आहे, तो स्वतः सहसा गांगरत नाहीं.

घरींहि पालकांनीं थोडें करावें. शिधापत्रिका, दाखले व औषधें एका जलाभेद्य पिशवींत घालून, बॅटरी व शिटीसह दाराजवळ ठेवावीं. मदतीचा ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ति नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक मुलांकडून तोंडपाठ करून घ्यावे. घर हादरूं लागलें तर जिन्याकडे न धांवतां भक्कम मेजाखालीं शिरून डोकें झांकावें. वीज चमकत असतां झाडाखालीं उभें राहूं नये. गुडघाभर वाहत्या पाण्यांत पाऊल टाकूं नये, कारण तेवढें पाणीहि माणसास लोळवितें. डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्यांनीं पावसाळ्यांत जमिनीला नवी भेग, झाडांचा वा खांबांचा अचानक आलेला कल, आणि झऱ्याचें एकाएकीं गढूळ झालेलें पाणी यांवर नजर ठेवावी. असें कांहीं दिसलें कीं सकाळची वाट न पाहतां तेथून निघावें व मग तलाठ्यास कळवावें.

हें सर्व सांगतांना एक अन्याय माझ्या हातून होऊं नये. कड्याखालीं राहणारा गरीब माणूस तेथें हौसेनें राहत नाहीं; त्याचें शेत, त्याचें रान आणि त्याचीं गुरें तेथेंच असतात. त्यास नुसतें ‘सावध राहा’ असें सांगून आपली सुटका होत नाहीं. त्याला सुरक्षित जागा आणि पोटाची सोय देणें हें सरकारचें कर्तव्य आहे, आणि सरकारकडून तें करवून घेणें हें आपणां सर्वांचें आहे. माळीणच्या लोकांसाठीं नवें गांव वसविण्यांत आलें, हें चांगलें झालें. पण तें जुनें गांव गाडलें जाण्यापूर्वीं व्हावयास हवें होतें.

विद्यार्थीमित्रहो, यंदाच्या मे महिन्याच्या सुटींत तुम्हीं एक लहानसें काम करावें, अशी माझी विनंति आहे. आपल्या वाडीचा किंवा आळीचा एक नकाशा स्वतः फिरून काढा. पाणी कोठें तुंबतें, ओढा पूर्वीं कोठून वाहत असे, कोणती भिंत कललेली आहे, उतारावरचीं कोणतीं झाडें तोडलीं गेलीं आहेत, हें त्यांत दाखवा. वडीलधाऱ्यांस जुन्या पुराची खूण विचारा. ती अनेकांच्या स्मरणांत असते, पण त्यांना कोणी विचारीत नाहीं. आणि ज्या घरांत एकटी म्हातारी, आजारी माणूस किंवा तान्हें मूल असेल, त्या घरावर एक ठळक खूण करा. कारण पाणी चढूं लागलें म्हणजे सर्वांत आधीं जावयाचें तें त्या घरीं. जूनमध्यें शाळा उघडेल तेव्हां हे नकाशे वर्गांत घेऊन या. ते शेजारीं शेजारीं मांडून, प्रत्येक घराकडे कोणीं धांवावयाचें, हें आपण पहिला मोठा पाऊस पडण्यापूर्वींच ठरवून टाकूं.