गव्हाणीच्या अलीकडची माणसं

ऊस साखर कारखान्याच्या गव्हाणीत पडला की त्याचा पुढचा सगळा प्रवास आता पडद्यावर दिसतो. गाळप किती झालं, उतारा किती आला, बॉयलरचा दाब किती, वीज किती बाहेर गेली, आसवनीत इथेनॉल किती निघालं, हे कार्यकारी संचालक खुर्चीवरून न उठता पाहतो. शेतातल्या उसाची नोंद जीपीएसवर होते, तोडीचा कार्यक्रम संगणक लावतो. कायम कामगाराला वेतनकरार आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, साप्ताहिक सुट्टी आहे. अनेक कारखान्यांत मनुष्यबळ विभाग आले, प्रशिक्षणं सुरू झाली, बॉयलरजवळ हेल्मेट न घालणाऱ्याला अडवलं जाऊ लागलं. सत्तर-ऐंशी वर्षं जुना सहकारी साखरधंदा स्वतःला असा बदलतो, याचं मला मनापासून कौतुक आहे.

पण माणसांच्या बाबतीत हा बदल गव्हाणीपाशी सुरू होतो आणि प्रवेशद्वारापाशी संपतो. ज्या हातांनी तो ऊस तोडला, ते हात या बदलाच्या बाहेर आहेत.

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीच्या गावांतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. मोजणी माणसांची होत नाही, कोयत्यांची होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. कारखाना आगाऊ पैसे देतो वाहतूकदाराला, वाहतूकदार टोळीच्या मुकादमाला, मुकादम कोयत्याला. ती उचल. लेखी करार असलाच तर वरच्या दोन पायऱ्यांवर असतो. तिसऱ्या पायरीवर शब्द असतो, अंगठा असतो, आणि फिटेपर्यंत अंगावर राहणारी बाकी असते.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचं कमिशन वेगळं. दोन माणसांनी पहाटेपासून दिवसभरात दोन टन तोडला असं धरू. दिवसाचे ७३२ रुपये झाले, दोघांचे मिळून. एक लाखाची उचल घेतली असेल तर ती फिटायला १३७ दिवस लागतात, तेही एकही खाडा न होता. ताप आला, पाऊस पडला, मूल आजारी पडलं की खाडा, आणि बऱ्याच टोळ्यांत खाड्याचा दंडही कापला जातो. त्यातून खायचं-प्यायचं वेगळं.

इथेच कारखान्याच्या आधुनिकीकरणाचा एक परिणाम दडलेला आहे, ज्याची चर्चा संचालक मंडळात झालेली मी कधी ऐकली नाही. कारखान्यांनी गाळपक्षमता वाढवल्या, त्यामुळे तोच ऊस लवकर संपतो. २०२४-२५ मध्ये राज्यातल्या अनेक कारखान्यांचा हंगाम शंभर दिवसांच्या आत आटोपला. कारखान्याच्या दृष्टीने ही कार्यक्षमता आहे. कोयत्याच्या दृष्टीने शंभर दिवसांत ७३,२०० रुपये झाले आणि लाखातले जवळजवळ सत्तावीस हजार अंगावर राहिले. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळी गावी गेली, पुढच्या हंगामासाठी ती त्याच मुकादमाला बांधली गेली. एका बाजूच्या गुंतवणुकीची किंमत दुसऱ्या बाजूच्या माणसाने न विचारता मोजली.

आणि बाई? ती नवऱ्याबरोबर तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढते. रात्री वाहन आलं तर रात्री भरते. तळावरच्या कोपीवर (झोपडीवर) परतली की चूल तिचीच. शौचाला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत पाणी नाही. तिची मजुरी जोडीच्या हिशेबात जाते, म्हणून कागदावर ती कुठेच नसते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. विधिमंडळात चर्चा झाली, समिती नेमली गेली. पण त्या बायकांनी तोडलेला ऊस ज्यांच्या गव्हाणीत पडला, त्यातल्या किती कारखान्यांनी आपल्या कामाच्या पद्धतीत काही बदललं, हे त्यांच्या वार्षिक अहवालात शोधून पाहावं.

कारखान्यांकडे याला ठरलेलं उत्तर आहे : ती माणसं आमची नाहीत, वाहतूकदाराची आहेत. हे उत्तर मला मान्य नाही. कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली केलेल्या कायद्याचं तत्त्वच असं होतं की पाणी, शौचालयासारख्या सोयी कंत्राटदाराने दिल्या नाहीत तर त्या मूळ मालकाने द्यायच्या. आज कुठल्या शेतात किती कोयते जायचे, हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो. ऊस वाळला, पाचट जास्त आलं, तर जाबही तिथूनच विचारला जातो. कामावर इतकी बारीक नजर ठेवणारा माणूस मालक नाही, असं कसं म्हणायचं?

या धंद्याला ही जबाबदारी पेलणार नाही, असंही नाही. प्रवरेचा कारखाना १९५० साली उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांसारखा शेतकरी आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ एकत्र बसले. सावकाराच्या तावडीतल्या शेतकऱ्याला मालक करण्याची ती धडपड होती. तिच्या मागोमाग शाळा आल्या, रुग्णालयं आली. म्हणजे साखर कारखाना म्हणजे निव्वळ यंत्र नव्हे, ही समज इथे परक्या व्यवस्थापनशास्त्रातून यायची गरज नाही. फक्त त्या वेळी ज्या कर्जातून शेतकरी सुटला, तसल्याच कर्जात त्याच्या उसाचा तोडणीवाला अडकलेला राहिला.

खरी अडचण पैशाच्या वाटेत आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापला जातो. मजुरी वाढली की झळ शेतकऱ्याला बसते, कारखान्याला नाही. म्हणून कारखान्याला घाई नसते आणि गावात शेतकरी विरुद्ध तोडणीवाला असं भांडण लागतं. सोयींचा खर्च ऊसबिलावर न टाकता आसवनीच्या आणि विजेच्या उत्पन्नातून केला, तर हे भांडण बरंच शमेल. मुकादमाने उचल घेऊन पळ काढल्यामुळे वाहतूकदार बुडाल्याची प्रकरणंही खरी आहेत, आणि तेही याच व्यवस्थेचं अपत्य आहे. प्रत्येक कोयत्याची कारखान्याकडे थेट नोंदणी झाली तर फसवणुकीची जागा आपोआप आक्रसते.

यंत्र येईल आणि प्रश्न मिटेल, असं म्हणणारे बरेच भेटतात. हार्वेस्टर वाढत आहेतच. पण त्यांना रुंद सरी लागते, वळायला जागा लागते, कोरडी जमीन लागते. दहा-वीस गुंठ्यांचे तुकडे आणि ओलं रान कोयत्याकडेच राहणार, आणि तोवर लाखो माणसं थांबून राहू शकत नाहीत.

सुरुवात कारखान्याच्या वजनकाट्यावर करता येईल. काटापावतीवर शेतकऱ्याचं नाव असतं, वाहनाचा नंबर असतो. तोडणाऱ्याचं नाव सहसा नसतं. ते छापावं, आणि वजनाचा संदेश शेतकऱ्याच्या मोबाइलवर जातो तसा कोयत्याच्याही मोबाइलवर जावा. मजुरी दोन खात्यांत निम्मी-निम्मी पडावी, एक नवऱ्याचं, एक बायकोचं. तळावर नळ आणि शौचालय बॉयलरच्या अग्निप्रदीपनाच्या आधी तयार असावं, आणि त्याची तपासणी बॉयलरच्या तपासणीइतक्याच काटेकोरपणे व्हावी. तक्रार ऐकणारा माणूस मुकादमाचा नातेवाईक नसावा. यातल्या कशालाही नवं तंत्रज्ञान लागत नाही. पडद्यावर दोन रकाने वाढवावे लागतात.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा साधारण सप्टेंबरात होतात. सभासद म्हणून ज्यांना अहवाल मिळतो, त्यांनी त्यात गाळप, उतारा आणि इथेनॉलच्या आकड्यांशेजारी आणखी तीन आकडे मागावेत : या हंगामात आपल्या कार्यक्षेत्रात किती कोयते आले, त्यातल्या किती बायकांच्या खात्यावर मजुरी जमा झाली, आणि पट्टा पडला तेव्हा किती जणांच्या अंगावर उचल बाकी होती.