ताप उतरला, तरी सावध राहा!

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा माणूस ताप अंगावर काढतो. खाडा झाला की पगार कापला जातो, हे आम्हालाही ठाऊक आहे. दोन दिवस गोळ्या घेऊन तो कामावर जातो आणि आठवड्याभरात न्युमोनियाने अंथरूण धरतो. असे का होते?

आपल्या नाकात, घशात असंख्य जीवाणू कायम वस्तीला असतात. पूर्वी निरोगी फुप्फुस निर्जंतुक मानले जाई. तिथेही ते थोडे असतात, हे आता कळले आहे. बहुतेक निरुपद्रवी असतात आणि जागा अडवून घातक जीवाणूंना थोपवतात. न्युमोनियाचा जीवाणूही अनेक निरोगी मुलांच्या नाकात गुपचूप असतो. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचे अस्तर खराब करतो, कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस निकामी होतात आणि तोच जीवाणू फुप्फुसात उतरतो.

१९१८ साली मुंबईत इन्फ्लुएंझाची साथ आली. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्या साथीतील मृतांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांची अमेरिकेत पुन्हा तपासणी झाली. २००८ साली निष्कर्ष आला, की बहुतेकांचा बळी विषाणूमागून आलेल्या जीवाणूंच्या न्युमोनियाने घेतला. मुंबईत या साथीने दर हजारी ८.३ युरोपियन मेले, तर सरकारदप्तरी ‘खालच्या जातीचे’ म्हणून नोंदलेले ६१.६! रोग एकच होता. फरक होता तो कोंदट खोलीचा, अर्धपोटी शरीराचा आणि न मिळालेल्या शुश्रूषेचा.

म्हणून माता-भगिनींनो, बंधूंनो, एवढे कराच. साध्या सर्दीला दुकानातून अँटिबायोटिक आणू नका. विषाणू त्याने मरत नाही, उपयोगी जीवाणू मात्र मरतात. डॉक्टरांनी दिले तर सांगितले तितके दिवस घ्या. विडी सोडा, चुलीचा धूर घराबाहेर जाऊ द्या, तान्ह्याला अंगावर पाजा. न्युमोकोकसची लस महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात ती चुकवू नका.

मूल शांत असताना घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त भरले, की तडक दवाखाना गाठा. मोठ्यांचा उतरलेला ताप पुन्हा चढला, धाप लागली, तर एक खाडा पडू द्या. पगार पुढच्या महिन्यात भरून निघेल, गेलेला माणूस परत येत नाही.