तिखटाची साक्ष

मोहरी, मुळा आणि कोबी ही एका कुळातील भावंडे आहेत, हे त्यांची चार पाकळ्यांची फुले शेजारी ठेवली की सहज पटते. पण शेवगा आणि पपई हीदेखील त्यांची भाऊबंद आहेत, असे म्हटले तर कोणीही हसेल. झाड पाहावे, पान पाहावे, फळ पाहावे. कशाचाच मेळ बसत नाही. पूर्वीच्या अनेक वर्गीकरणांत पपईला कृष्णकमळाजवळ बसवलेले आढळते, ते केवळ रूपावरून.

चव मात्र वेगळे सांगते. पपईची बी चावली, शेवग्याचे मूळ ठेचले किंवा मोहरी फेसली, तर नाकाला झोंबणारा तोच तिखटपणा जाणवतो. या वनस्पतींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे असतात आणि त्यांचे विघटन करणारे विकर त्यांच्यापासून अलग साठवलेले असते. पेशी चिरडल्या की दोघांची गाठ पडते आणि झणझणीत द्रव्य तयार होते. कीटकांना दूर ठेवण्याची ही युक्ती. फोडणीला तिचा लाभ झाला, हा योगायोग! इतकी गुंतागुंतीची व्यवस्था परक्या कुळांत वारंवार आपोआप निर्माण होणे कठीण. रॉल्फ डालग्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये अशी कुळे एकाच गणात आणली, तेव्हा ती मांडणी धाडसाची वाटली. १९९० च्या दशकात जनुकांची तुलना झाली आणि ती बरीचशी खरी ठरली.

येथे रसायनांच्या कैवाऱ्यांनी डंका पिटावा, तोच पुत्रंजीव आडवा येतो. ज्याच्या बियांच्या माळा मुलांच्या गळ्यात घालतात, तोच हा वृक्ष. त्यातही ग्लुकोसिनोलेट आहे. जनुके मात्र त्याला मोहरीपासून दूर, एरंडाच्या गणात नेऊन बसवतात. म्हणजे तीच युक्ती निसर्गाने निदान दोनदा शोधली. म्हणून एखाद्या द्रव्यावरून नाते ठरवणे घाईचे होते. रसायन हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

तरीही, जनुके वाचता येऊ लागल्यामुळे रासायनिक तपासणी निरर्थक झाली, हे मत स्वीकारता येत नाही. पपईविषयीची शंका प्रथम बळावली ती या द्रव्यांमुळेच. शिवाय जनुके नाते सांगतात, बरणीत औषधी द्रव्य किती आहे ते सांगत नाहीत. ब्राह्मी या एकाच नावाने दोन भिन्न कुळांतील वनस्पती विकल्या जातात. त्यांचे चूर्ण झाल्यावर पान, फूल काहीच ओळखू येत नाही. प्रत्येकीची घटकद्रव्ये मात्र त्या चूर्णातही वेगळी ओळखता येतात.